हातकणं, गडहिंग आणि गगनबाव: क्यूजीआयएसवरचा माझा पहिला नकाशा

मी गेली एकोणीस वर्षं कोल्हापुरात भूगोल शिकवते. नववीला वितरणाचे नकाशे आले की टिंब पद्धत (संख्येप्रमाणे टिंबं), क्षेत्रघनी पद्धत (प्रत्येक भागाला आकड्याप्रमाणे फिकी-गडद छटा) आणि समघनी पद्धत (सारख्या आकड्याच्या जागा जोडणाऱ्या रेषा) फळ्यावर लिहायची, मुलांना जिल्ह्याचा कोरा नकाशा आणायला सांगायचं, आणि बारा तालुके एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटांनी भरून घ्यायचे. दरवर्षी तेच. रंगपेटीत निळ्याच्या दोनच कांड्या असतात, तिसरी छटा दाबून घासल्याने येते आणि चौथीसाठी कागद फाटतो.

२०२४ च्या ऑक्टोबरात मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, भूगोल दिनाला यंदा प्रदर्शन करू. पण नकाशे संगणकावरचे पाहिजेत." मी हो म्हणून बसले. संगणकावर तोवर मी प्रश्नपत्रिका टाईप केल्या होत्या आणि शालार्थमध्ये (शिक्षकांच्या पगाराच्या प्रणालीत) माहिती भरली होती, बास. पुढचे अडीच महिने कसे गेले ते लिहून ठेवतेय, कारण या वाटेवर मराठीत विचारायला मला कोणी सापडलं नाही.

भाऊबीज ३ नोव्हेंबरला झाली आणि ४ तारखेला सोमवारी फराळाच्या डब्यांमधून वाट काढत मी लॅपटॉप उघडला. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने क्यूजीआयएस हे नकाशे करायच्या सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं होतं. तो पुण्यात याच क्षेत्रात नोकरी करतो. "बाई, फुकट आहे, आणि फुकट म्हणजे खरंच फुकट, चोरीचं नाही." हे सॉफ्टवेअर २००२ साली गॅरी शर्मन नावाच्या माणसाने सुरू केलं, आता जगभरातले लोक मिळून चालवतात आणि परवान्याचे पैसे लागत नाहीत. उतरवायच्या पानावर दोन आवृत्त्या दिसतात, एक अगदी ताजी आणि एक दीर्घकाळ सांभाळली जाणारी. नवख्याने डोळे मिटून दुसरी घ्यावी. माझ्या वेळी ती ३.३४ होती. फाईल एक जीबीच्या वर आहे, मोबाईलच्या नेटवर उतरवू नका. मी उतरवली, नव्वद टक्क्यांवर पॅक संपला, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

लॅपटॉपला चार जीबी रॅम. क्यूजीआयएस उघडायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात चहा होत असे. राजारामपुरीत एका दुकानात १,८५० रुपयांना रॅम वाढवून घेतली. हा या सगळ्यातला सर्वात मोठा खर्च, आणि तो नकाशासाठी केला असं मी घरी सांगितलं नाही. शाळेच्या संगणक कक्षात सॉफ्टवेअर टाकायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो. तो ज्यांच्याकडे, ते दिवाळीला गावी. अर्ज दिला, पासवर्ड नवव्या दिवशी मिळाला. तोवर मी घरच्या मशीनवर पुढे गेले होते, त्यामुळे तो मिळून उपयोग एवढाच झाला की नंतर मुलांना दाखवता आलं.

मग निवडणूक आली. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, त्याआधी दोन प्रशिक्षणं, आदल्या दिवशी साहित्य घेऊन केंद्रावर मुक्काम. ज्या शिक्षकांना हे माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. २४ तारखेपर्यंत मी लॅपटॉपला हात लावला नाही. उघडला तेव्हा शिकलेलं निम्मं विसरले होते. तेव्हापासून प्रत्येक पायरी वहीत लिहायची सवय लावली: कुठलं बटण, कुठल्या मेनूत, आणि दाबल्यावर काय झालं. ही वही आता माझ्या सहकारी बाई मागून नेतात.

नकाशाला दोन गोष्टी लागतात, सीमा आणि आकडे. आकडे सोपे. २०११ च्या जनगणनेचे तालुकानिहाय आकडे जाहीर आहेत. जिल्हा ३८,७६,००१, करवीर १०,३७,७१३, हातकणंगले ८,०७,७५१, आणि तळाला गगनबावडा ३५,७७२. मी नकाशा केला तोवर त्यानंतर जनगणनाच झालेली नव्हती, म्हणून नकाशावर २०११ हे साल ठळक लिहायचंच. नाहीतर बघणारा आजचा आकडा समजतो.

सीमांसाठी एका सरकारी पोर्टलवर नोंदणी केली. ओटीपी यायचा तो दहा मिनिटांनी, आणि त्याची मुदत पाच मिनिटांची. २८ नोव्हेंबरला सकाळी सहा वाजता प्रयत्न केला तर पहिल्या झटक्यात जमलं. तुम्हीही पहाटे बसा. झिप फाईल आली, आत एकाच नावाच्या पाच-सहा फाईली. मला वाटलं एकच कामाची असेल, म्हणून एसएचपी शेपटीची तेवढी ठेवली आणि बाकीच्या पुसल्या. नकाशा उघडेना. विद्यार्थ्याला फोन केला तर तो हसायलाच लागला. "बाई, ते एकत्र कुटुंब आहे. आकार एकाकडे, आकडे दुसऱ्याकडे, आणि पृथ्वीवर कुठे बसायचं ते तिसऱ्याकडे. एकाला वेगळं काढलं की घर मोडलं." झिप पुन्हा उतरवली. आता मी मूळ झिप कधीच पुसत नाही.

उघडल्यावर मात्र डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. राज्यातून फक्त कोल्हापूरचे बारा तुकडे वेगळे काढले आणि पडद्यावर आपला जिल्हा उभा राहिला. पश्चिमेची सह्याद्रीची दातेरी कड, खाली चंदगडचं टोक, उजवीकडे शिरोळ. वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेला तोच आकार, पण यातल्या चुका माझ्या नव्हत्या.

आता मुख्य गोंधळ.

सीमांच्या फाईलीत तालुक्यांची नावं रोमन लिपीत होती आणि तीही विचित्र. दीर्घ आ च्या जागी गणितातलं 'पेक्षा मोठे' हे चिन्ह. मला प्रदर्शनात मराठी नावं हवी होती. म्हणून तक्त्यात नवा रकाना केला, लांबी विचारली तेव्हा २० लिहिली (बारा तालुक्यांत कुठलं नाव वीस अक्षरांचं आहे?) आणि बसून सगळी नावं देवनागरीत टाईप केली. जतन केलं. लोकसंख्येचा तक्ताही देवनागरी नावांनी तयार होता. लेयरच्या (नकाशाच्या एका थराच्या) प्रॉपर्टीजमध्ये जॉइन्स म्हणून भाग आहे, तिथे दोन्ही तक्ते नावाच्या रकान्यावरून जोडायचे. जोडले. सहा तालुक्यांना आकडे आले आणि सहा रिकामे.

तक्ता उघडून बघते तर काय: हातकणं. गडहिंग. गगनबाव. राधानग. शाहूवा. पन्हाळ.

मी आधी स्वतःलाच दोष दिला, मग कीबोर्डला. पुन्हा टाईप केलं, जतन केलं, बंद करून उघडलं, पुन्हा हातकणं. करवीर, कागल, शिरोळ, आजरा, चंदगड, भुदरगड मात्र अख्खे. रात्री साडेअकराला कागदावर अक्षरं मोजली तेव्हा काहीतरी दिसायला लागलं: काना, मात्रा, अनुस्वार सगळे सुटे मोजले तर सहापर्यंतची नावं शाबूत आहेत आणि सातव्यापासून पुढचं कापलं जातंय. 'भुदरगड' बरोबर सहा, म्हणून तो काठावर वाचला. 'पन्हाळा' सात, त्याचा शेवटचा काना गेला. विद्यार्थ्याने कारण सांगितलं. ही शेपफाईल, म्हणजे ते एसएचपीचं एकत्र कुटुंब, जुन्या काळातली, तिच्या रकान्याची लांबी अक्षरांत नाही, बाइटांत (संगणकातल्या साठवणीच्या मापात) मोजली जाते. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत तीन लागतात. वीस बाइटांत सहाच खुणा बसल्या आणि दोन बाइट उरले. माझं गणित बरोबर होतं, फक्त एकक चुकलं होतं. मुलांना मी याच गोष्टीसाठी मार्क कापते.

उपाय दोन. रकाना ८० लांबीचा करायचा, किंवा शेपफाईलचा नादच सोडून लेयर जिओपॅकेज या नव्या प्रकारच्या फाईलीत जतन करायचा. मी दुसरा केला. एकच फाईल, रकान्याच्या नावाला दहा अक्षरांची मर्यादा नाही, देवनागरी जशीच्या तशी. नवख्यांना माझं हेच सांगणं राहील: सीमा उतरवल्या की पहिल्याच दिवशी त्या जिओपॅकेजमध्ये घ्या. आकड्यांचा तक्ता एक्सेलमधून जतन करताना सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) यूटीएफ-८ हा पर्याय निवडा, नुसता सीएसव्ही घेतला की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. आणि एखाद्या कार्यालयातून जुनी फाईल मिळाली, नावं वाचताना काहीच्या बाही दिसली, तर ती बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात आहे, ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते.

पुन्हा जोडलं. अकरा आले. एक तालुका अजून रिकामा, गगनबावडा. यावेळी नाव पुरतं होतं. मग यादी बघितली तर जनगणनेच्या तक्त्यात त्याचं नाव नुसतं 'बावडा', आणि मी ते तसंच उतरवून घेतलेलं! कोल्हापूरकराला बावडा म्हटलं की कसबा बावडाच आठवतो, पंचगंगेच्या अलीकडचा, शहरातला. मी स्वतः टाईप करताना थबकले कशी नाही कोण जाणे. बारा ओळी हाताने तपासता येतात, शेकडो गावं असतील तर नाही. तिथे नावाने जोडूच नये, जनगणनेच्या कोडने जोडावं. फक्त तालुक्यांचे कोड शून्याने सुरू होतात आणि एक्सेल तो शून्य गिळतं, तेवढं लक्षात ठेवा. क्यूजीआयएसच्या तक्त्यात कोड डाव्या बाजूला चिकटलेला दिसला तर तो मजकूर आहे, उजवीकडे दिसला तर संख्या, म्हणजे शून्य गेलाच.

डिसेंबरचा पहिला आठवडा. लोकसंख्या जोडली, रंग भरला, मुख्याध्यापकांना दाखवला. "छान." मला मात्र टोचत होतं. क्षेत्रघनी नकाशात नुसती लोकसंख्या भरायची नसते, मोठा तालुका निव्वळ मोठा असल्यामुळे गडद दिसतो. हे मी दरवर्षी शिकवते आणि पहिल्याच संधीला स्वतः विसरले. हवी घनता, म्हणजे लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ. नुसती संख्या दाखवायचीच असेल तर प्रत्येक तालुक्यावर लहान-मोठं वर्तुळ ठेवावं.

क्षेत्रफळ सॉफ्टवेअरकडूनच काढून घ्यायचं ठरवलं. कुठल्याशा व्हिडिओत बघून सूत्र लिहिलं आणि करवीरचं क्षेत्रफळ आलं ०.०५ आणि पुढे काहीतरी. घनता पावणेदोन कोटींच्या पुढे. रंकाळ्यावर रविवारी संध्याकाळी गेलं तर खरंही वाटेल, पण नाही. सीमांची फाईल अक्षांश-रेखांशांत होती, त्यामुळे क्षेत्रफळ 'चौरस अंशांत' निघत होतं, आणि चौरस अंश हे काही एकक नव्हे. आपल्या अक्षांशावर, म्हणजे साधारण पावणेसतरा उत्तरेला, रेखांशाचा एक अंश १०६-१०७ किलोमीटर भरतो आणि अक्षांशाचा ११० च्या वर. आडवं माप वेगळं, उभं वेगळं. यावर इलाज म्हणजे लेयर मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट मांडायच्या रीतीत) नव्याने जतन करायचा. कोल्हापूर ७२ ते ७८ पूर्व रेखांशांच्या पट्ट्यात येतं, तो यूटीएम या प्रक्षेपणाचा ४३ उत्तर पट्टा. शोधाच्या चौकटीत ३२६४३ हा क्रमांक टाकला की मिळतो. मग आलेलं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, त्याला दहा लाखांनी भागलं की चौरस किलोमीटर. पडताळा म्हणून बाराही बेरजेला घेतले. जिल्ह्याचं नोंदलेलं क्षेत्रफळ ७,६८५ चौ. किमी आहे, बेरीज त्याच्या जवळ आली तेव्हा जेवायला उठले.

घनता आली. गगनबावडा सव्वाशेच्या आसपास, करवीर दीड हजाराच्या वर.

आता सिम्बॉलॉजीत (रंग-चिन्हं ठरवायच्या भागात) ग्रॅज्युएटेड निवडायचं, रकाना घनतेचा, छटा एकाच रंगाच्या, वर्ग (म्हणजे आकड्यांचे गट) पाच, आणि क्लासिफायचं बटण. एका सेकंदात नकाशा रंगतो. रंगपेटीवाल्या बाईला हे बघून जरा वाईटच वाटलं. पण त्या बटणाच्या वर एक छोटी यादी असते, वर्ग कसे पाडायचे त्याची, आणि माझे पुढचे चार दिवस तिथे गेले.

'इक्वल इंटरव्हल' म्हणजे समान अंतराचे वर्ग. ते घेतले तर पश्चिम-दक्षिणेचे सहा तालुके (शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड) एका फिक्या रंगात गेले, करवीर आणि हातकणंगले टोकाच्या गडद रंगात, आणि चौथ्या वर्गात एकही तालुका नाही. सूचीत रंग आहे, नकाशात नाही. 'इक्वल काउंट' म्हणजे प्रत्येक वर्गात साधारण सारखे तालुके. ते घेतल्यावर त्याच सहा तालुक्यांचे तीन रंग झाले, जणू त्यांच्यात मोठा फरक आहे, आणि शिरोळ जाऊन करवीरच्या रंगात बसलं. शिरोळची घनता करवीरच्या जवळपास निम्मी आहे! 'नॅचरल ब्रेक्स' आकड्यांमधल्या मोठ्या फटी शोधून तिथे रेघ मारतो, तो त्यातल्या त्यात पटला. शेवटी मी चारच वर्ग ठेवले आणि सीमा हाताने टाकल्या: ३००, ६०० आणि १,०००. गोल आकडे सूचीत वाचायला सोपे, आणि कोणी विचारलं तर 'सॉफ्टवेअरने पाडले' असं म्हणावं लागत नाही. शार्ल द्युपँ या फ्रेंच माणसाने १८२६ साली फ्रान्समधल्या शिक्षणाचा असा पहिला छायानकाशा काढला. वर्ग पाडण्याची कटकट त्याच्याही वाट्याला आली असणारच.

रंगांसाठी कलरब्रूअर नावाची तयार रंगमालिका आत आहे. सिंथिया ब्रूअर या अमेरिकी भूगोलतज्ज्ञ बाईंनी बसवलेली. हिरवा-लाल-पिवळा असे सुटे रंग घेऊ नका. आणि नकाशाची एक साधी काळी झेरॉक्स काढून बघा. झेरॉक्समध्ये छटा ओळखू आल्या तर रंग बरोबर.

समघनी नकाशाही करायचा होता, पावसाचा. गगनबावड्याला हजारोंनी मिलीमीटर आणि शिरोळला शेकड्यांत, इतका फरक असलेला जिल्हा म्हणजे समघनीला मेजवानी. पण बारा ठिकाणांच्या आकड्यांवरून सॉफ्टवेअरने जो पाऊस पसरवला, त्यात प्रत्येक ठिकाणाभोवती कांद्याच्या चकत्यांसारखी वर्तुळं उमटली. घाटमाथा कुठे आहे हे त्याला ठाऊक नाही. सोडून दिला.

छपाई. प्रिंट लेआउटमध्ये शीर्षक, सूची, मोजपट्टी, उत्तर दिशा, आणि खाली बारीक अक्षरात आकड्यांचा स्रोत व साल. मराठी नावांसाठी 'मुक्त' नावाचा फॉन्ट वापरला. पीडीएफ घेऊन दुकानात गेले तर त्यांच्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटली. दुकानातला पोरगा म्हणाला, "बाई, मराठी हाय नव्हं, हे असंच हुतंय. फोटो करून आणा." म्हणजे ३०० डीपीआयची इमेज. त्याचंच बरोबर होतं. ए-थ्री रंगीत आठ प्रती ४० रुपयांनी ३२०, एक मोठं पोस्टर ३८०. एकूण ७०० रुपयांसाठी शाळेच्या ऑफिसने तीन कोटेशन मागितले. दोन दुकानांतून कोरी लेटरहेडं आणायला जो वेळ गेला त्यात आणखी एक नकाशा झाला असता. पैसे फेब्रुवारीत मिळाले.

मुख्याध्यापकांची एक शंका रास्त होती, "नकाशा छापायला परवानगी नको का?" फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर असे नकाशे करायला आधी परवानगी घ्यावी लागत नाही. मात्र देशाची सीमा दाखवायची असेल तर ती अधिकृत नकाशाप्रमाणेच हवी. आमचा नकाशा जिल्ह्यापुरता. त्यांनी सूचनांची प्रिंट फाईलला लावून घेतली, मग सही केली.

भूगोल दिन १४ जानेवारीला, पण त्याच दिवशी संक्रांत आली, म्हणून प्रदर्शन १५ तारखेला ठेवलं. मी वर्ग पाडायच्या तीन पद्धतींनी रंगवलेले घनतेचे तीन नकाशे शेजारी शेजारी लावले आणि आकडे एकच आहेत हे मुद्दाम लिहिलं नाही. नववीच्या मुलांना विचारलं, कुठल्या नकाशात जिल्ह्यात जास्त गर्दी आहे? दुसऱ्या, असं बहुतेकांनी ठामपणे सांगितलं. तिळगूळ खात खात भांडणही झालं. आकडे एकच आहेत म्हटल्यावर एकजण म्हणाला, "मग हे फसवणं झालं की."

पण मला गप्प केलं ते मागच्या बाकावरच्या एका मुलीने. ती करवीरच्या पश्चिमेच्या एका खेड्यातून एसटीने येते. "बाई, आमचं गाव पण यातच आहे ना? आमच्याकडं तर नुसता ऊस हाय. मग आमचा रंग एवढा गडद कसा?"

करवीरच्या १०,३७,७१३ लोकांपैकी ५,४९,२३६ एकट्या कोल्हापूर शहरात राहतात. शहराची गर्दी मी तिच्या उसावर पसरली होती. त्या रात्री करवीरच्या गावांच्या सीमा उतरवायला घेतल्या. सकाळी सहाला ओटीपी लगेच आला. यावेळी रकान्याची लांबी कुणी विचारली नाही, आणि जोडणी कोडने केली. पहिल्या फेरीत चौदा गावं रिकामी आहेत. तिचं गाव त्यात नाही.